डावीकडे ओढणारी जुनी मियाटा आणि एका अलाइनमेंट वर्कशॉपचे काम

मध्य न्यू जर्सीतील अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, ज्या छोट्या वर्कशॉपबद्दल मी लिहीत आहे, तेथे चाकांच्या कोनांना हात लावण्यापूर्वी गाडीला नेमके काय झाले आहे हे शोधून काढतात, आणि माझ्या मते त्या दुकानाचे मोल याच एका सवयीत आहे. मालकाला जाहिरात नको असल्यामुळे दुकानाचे नाव मी देत नाही. त्याच्याकडे आहे ते गिऱ्हाईक सांभाळणेच त्याला पुरेसे होते. तरीही त्याची काम करण्याची पद्धत शक्य तितक्या तपशिलाने सांगावीशी वाटते, कारण जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या कोणालाही आपल्या गावात असे दुकान शोधताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे त्यावरून कळू शकेल.

गाडी १९९५ सालची माझदा एमएक्स-५ आहे, जिला अमेरिकेत सगळे मियाटा म्हणूनच ओळखतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहनप्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली आणि तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. पुढे इंजिन, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, दोन माणसांपुरती जागा, कापडी छप्पर आणि हजार किलोच्या आसपास वजन, अशी तिची साधी रचना आहे. अलाइनमेंटच्या दृष्टीने तिची महत्त्वाची गोष्ट म्हणजे चारही चाकांना असलेले डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म. प्रत्येक चाकाच्या खालच्या आर्मला आतल्या बाजूस दोन बोल्ट असतात आणि त्या बोल्टांवर केंद्रापासून सरकलेल्या गोल चकत्या, म्हणजे कॅम, बसवलेल्या असतात. पुढच्या चाकाचे दोन्ही कॅम आर्म आत किंवा बाहेर सरकेल अशा रीतीने फिरवले तर कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर झुकाव, बदलतो. एक आत आणि दुसरा बाहेर असे फिरवले तर आर्मचे टोक पुढे-मागे सरकते आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने दिसणारा झुकाव, बदलतो. मागच्या चाकांना याच कॅमनी कॅम्बर आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचे तोंड किती आत किंवा बाहेर वळले आहे तो कोन, जुळवता येतो. साध्या प्रवासी गाड्यांमध्ये बहुधा पुढचा टो तेवढा जुळवता येतो आणि बाकीचे कोन कारखान्यातून येतील तसेच राहतात. या गाडीत मात्र जवळजवळ सगळेच कोन माणसाच्या हातात आहेत, त्यामुळे ती जाणकाराच्या हाती पडली तर नव्यासारखी चालते आणि घाईत असलेल्याच्या हाती पडली तर वर्षानुवर्षे वाकडी चालत राहते.

तक्रार अशी होती की ताशी ४० मैलांच्या पुढे गाडी सतत डावीकडे ओढत असे. स्टीअरिंगवरचा हात सैल सोडला की दोन-तीन सेकंदांत ती मधल्या पिवळ्या रेषेकडे जाऊ लागे, आणि तासभराच्या प्रवासानंतर उजव्या मनगटाला त्याची जाणीव होई. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यापासून उजव्या कडेकडे किंचित उतरता केलेला असतो, म्हणून निरोगी गाडीसुद्धा हात सोडल्यावर हळूहळू उजवीकडे सरकते. त्या उताराच्या विरुद्ध, म्हणजे चढाच्या दिशेने, गाडी डावीकडे जात असेल तर ती रस्त्यामुळे जात नाही, एवढे निदान घरबसल्या करता येते. महाराष्ट्रातील वाचकांनी हे सगळे उलट धरावे. आपल्याकडे डावीकडे सरकणे हा बहुधा रस्त्याचा गुण असतो आणि उजवीकडे ओढणे हे दुखणे असते.

आधी ही गाडी मी घराजवळच्या एका साखळी दुकानात, म्हणजे अनेक शाखा असलेल्या कंपनीच्या दुकानात, नेली होती. तेथे पाऊण तासात काम झाले आणि हातात रंगीत कागद मिळाला, ज्यावर ‘आधी’चे काही आकडे लाल आणि ‘नंतर’चे सगळे आकडे हिरवे होते. त्यांनी केवळ पुढचा टो जुळवला होता आणि बाकीचे कोन मर्यादेत असल्याचे सांगितले. गाडी जशी ओढत होती तशीच ओढत राहिली. पुन्हा विचारले तेव्हा ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. रबर झिजते, लोखंडाला गंज चढतो, हे खरेच आहे, पण त्यातला प्रत्येक दोष शोधता येतो आणि बहुतेक दोष दुरुस्तही करता येतात. वयाकडे बोट दाखवणे म्हणजे निदान न करताच रोग्याला घरी पाठवणे होय.

विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी यंत्र एकाच कंपनीचे, हंटरचे होते. चाकांवर चौकोनी फलक लावायचे आणि समोरच्या कॅमेऱ्यांनी त्यांची स्थिती टिपायची, या पद्धतीचे हे यंत्र आहे. दोन दुकानांच्या कामातला फरक यंत्रामुळे पडलेला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण अनेक दुकाने आपल्या जाहिरातीत यंत्राचाच फोटो लावतात.

वर्कशॉपमध्ये पहिली पंधरा-वीस मिनिटे मालकाने गाडीला हातसुद्धा लावला नाही. त्याने प्रश्न विचारले. ओढ कायम असते की फक्त ब्रेक दाबल्यावर जाणवते? गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) दिल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते का? वळण घेतल्यानंतर स्टीअरिंग स्वतःहून मध्यावर येते की वळवले तेथेच रेंगाळते? टायर केव्हा बदलले, आणि ओढ त्यानंतर सुरू झाली का? गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या आहेत का? कधी फुटपाथच्या कडेला किंवा मोठ्या खड्ड्यात चाक आदळले का? यातला कोणताही प्रश्न गप्पांसाठी नव्हता. फक्त ब्रेक दाबताना ओढ येत असेल तर संशय पुढच्या कॅलिपरवर (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावर) किंवा आतून सुजलेल्या ब्रेक होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) जातो. गॅस देताना एका बाजूला आणि सोडताना दुसऱ्या बाजूला जात असेल तर मागच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, सैल होऊन मागचे चाक आपली दिशा बदलत आहे, असे समजावे लागते. वळवल्यानंतर स्टीअरिंग तेथेच रेंगाळत असेल आणि उजवे वळण घेतल्यावर उजवीकडे, डावे घेतल्यावर डावीकडे ओढ जाणवत असेल, तर एखादा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोल सांधा) किंवा स्टीअरिंगचा सांधा आवळून बसलेला असतो. अशा गाडीचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी फरक पडत नाही. माझी ओढ कायमची, एकाच बाजूची आणि गॅस-ब्रेकशी संबंध नसलेली होती. त्यामुळे टायर, पुढच्या चाकांचे कोन, अडकलेला ब्रेक आणि पॉवर स्टीअरिंग एवढीच शंकास्थाने उरली.

यानंतर त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली. निघण्यापूर्वी चारही टायरमधली हवा थंड असतानाच तपासून सारखी केली. या गाडीच्या दारावरच्या पट्टीवर हवेचा दाब २६ पीएसआय लिहिलेला असतो, पण आजकालच्या गाड्यांच्या सवयीने अनेक दुकाने डोळे झाकून ३२ किंवा ३५ भरतात. माझ्या टायरांत डाव्या-उजव्या बाजूंत फार फरक नव्हता, मात्र एवढ्या हलक्या गाडीत तीन-चार पीएसआयचा फरकही ओढ निर्माण करण्यास पुरेसा असतो, असे त्याने सांगितले. चालवताना त्याने एकच रस्ता दोन्ही दिशांनी पालथा घातला, म्हणजे वारा आणि रस्त्याचा उतार यांचा परिणाम वजा करता यावा. परत येताना शेवटचा भाग ब्रेक शक्यतो न वापरता कापला, आणि थांबल्याबरोबर चारही चाकांचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहिले. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते आणि ती वयाप्रमाणे अडखळू लागते, ज्यामुळे एका चाकाला सतत थोडा ब्रेक लागलेला राहतो. माझ्या गाडीत चारही चाके जवळपास सारखीच तापलेली होती, तेव्हा ब्रेक या यादीतून सुटले.

पुढची पायरी मला सगळ्यांत शिकवून गेली. त्याने पुढचे दोन टायर रिमसह एकमेकांच्या जागी लावले आणि पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी नेली. रेडियल टायर बनवताना आतले पट्टे अगदी मध्यावर न बसल्यास टायर रस्त्यावर किंचित शंकूसारखा वागतो आणि एका बाजूला लोटत राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि अलाइनमेंटच्या यंत्रालाही दिसत नाही, कारण यंत्र चाकाचा कोन मोजते, टायरच्या आतली रचना नव्हे. टायर बाजू बदलून लावले आणि ओढही बाजू बदलून गेली तर दोष निःसंशय टायरचा असतो, आणि अशा वेळी कॅम्बर-कास्टरमध्ये हात घालणे म्हणजे एक दोष दुसऱ्या दोषाने झाकणे ठरते. माझ्या बाबतीत निकाल मधला आला. ओढ बरीच कमी झाली, पण उरली ती डावीकडेच. मालकाने त्याचा अर्थ खडूने फरशीवर मांडून दाखवला. गाडीत दोन वेगळ्या ओढी आहेत असे धरू. टायर बदलण्यापूर्वी दोन्ही डावीकडे होत्या, म्हणून त्यांची बेरीज जाणवत होती. आता टायरची ओढ उजवीकडे झाली आणि दुसरी डावीकडेच राहिली, म्हणून वजाबाकी जाणवते. वजाबाकी करूनही डावी बाजूच उरते, त्या अर्थी दुसरी ओढ टायरच्या ओढीपेक्षा मोठी आहे आणि ती गाडीच्या अंगातच आहे. साखळी दुकानात या प्रयोगासाठी लागणारी वीस मिनिटे कोणी दिली नसती. येथे निदानाचा अर्धा भाग त्या वीस मिनिटांत झाला. ज्या टायरांवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते ते असे सहज बदलून लावता येत नाहीत. माझे १८५/६० आर १४ मापाचे टायर तसे नव्हते, हे सोयीचे ठरले.

पॉवर स्टीअरिंगची तपासणी थोडक्यात उरकली. पुढची चाके अधांतरी ठेवून इंजिन सुरू केले आणि स्टीअरिंग स्वतःहून एका बाजूला फिरते का ते पाहिले. फिरले नाही. फिरले असते तर रॅकमधला, म्हणजे चाके वळवणाऱ्या स्टीअरिंगच्या यंत्रणेतला, व्हॉल्व्ह एका बाजूला जास्त दाब देत आहे, असा निष्कर्ष निघाला असता.

गाडी लिफ्टवर चढल्यावर त्याने टॉमी (लोखंडी कांब) घेऊन प्रत्येक बुश, प्रत्येक बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, टोक हलवून पाहिले. चाक वर-खाली धरून हलवले तर बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात, डावे-उजवे धरून हलवले तर टाय रॉड कळतो. हे सगळे गॅरेजवाल्यांना ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे आणि प्रत्येक गाडीवर प्रत्यक्ष करणे यांत मोठे अंतर आहे. डाव्या पुढच्या खालच्या आर्मच्या आतल्या बुशपैकी एकाचे रबर कडेने फाटलेले आढळले. टॉमीने जोर दिला की आर्म तेथे डोळ्यांना दिसेल इतका सरकत असे. त्याने मला लिफ्टखाली बोलावून टॉर्चच्या उजेडात ती फट दाखवली. गिऱ्हाइकाला लिफ्टखाली न येऊ देण्याचा नियम अनेक दुकानांत असतो आणि त्यामागे विम्याचे कारण असते हे मी समजू शकतो, तरी बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर खर्चाबद्दल मनात किंतु राहत नाही.

यानंतर यंत्र आले. चाकांवर फलक लावून गाडी थोडी मागे-पुढे ढकलली, म्हणजे रिमचा वाकडेपणा यंत्र हिशेबातून वगळते. मग पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना वळवले, कारण कास्टर उभ्या गाडीत थेट दिसत नाही, तो चाक वळताना कॅम्बर किती बदलतो यावरून काढावा लागतो. आकडे असे आले: डावा कास्टर ३.९ अंश, उजवा ४.९ अंश. कारखान्याने दिलेली मुभा बरीच सैल असल्यामुळे दोन्ही आकडे एकेकटे हिरव्या रंगात बसत होते. साखळी दुकानाच्या कागदावरही ते हिरवेच होते, फक्त तेथे दोन बाजूंमधला फरक कोणी वाचला नव्हता. गाडी ज्या बाजूचा कास्टर कमी त्या बाजूला ओढते आणि ज्या बाजूचा कॅम्बर अधिक बाहेर झुकलेला त्या बाजूला ओढते, हा या विषयातला पहिला नियम आहे. दोन बाजूंमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा असे सर्वसाधारणपणे मानतात. येथे तो एक अंश होता आणि कमी बाजू डावी होती. खडूच्या आकृतीतली दुसरी ओढ सापडली.

येथे टोबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण ‘टो करून आणला तरी ओढते’ ही तक्रार सतत कानावर येते. पुढच्या चाकांचा टो चुकला तर गाडी टायर खाते, सरळ रस्त्यावर अस्वस्थ वाटते, पण चालू गाडीत पुढची चाके आपापसांत तो फरक वाटून घेतात आणि सहसा एका बाजूची कायमची ओढ तयार होत नाही. मागच्या चाकांचा टो डाव्या-उजव्या बाजूंना सारखा नसेल तर मागचा भाग गाडीला तिरके ढकलतो आणि सरळ जाताना स्टीअरिंग वाकडे धरावे लागते. तो त्रास वेगळा आणि ओढ वेगळी. माझी गाडी ओढत होती आणि पहिल्या दुकानाने नेमका ओढीशी संबंध नसलेला कोन जुळवून दिला होता.

यंत्रावर आणखी एक आकडा त्याने पाहिला, ज्याकडे बहुतेक दुकानांत कोणी बघत नाही. स्टीअरिंगचा अक्ष, म्हणजे वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणारी रेषा, समोरून पाहिल्यास आत झुकलेली असते. त्या झुकावात कॅम्बर मिळवला तर येणारी बेरीज दोन्ही बाजूंना सारखी असली पाहिजे, कारण ती चाक धरणाऱ्या नकलच्या घडणीवर अवलंबून असते आणि कोणत्याही बोल्टने बदलत नाही. बेरीज वेगळी आली तर नकल वाकलेला असतो आणि कितीही कॅम फिरवले तरी तो सरळ होत नाही. माझ्या गाडीत बेरीज जुळली. म्हणजे अपघाताचा किंवा खड्ड्याचा वारसा नव्हता, फक्त बुश आणि कॅम हेच दोषी होते.

आता कॅम फिरवायचा तर तो फिरेना. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते खारे पाणी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत शिरून बोल्टला तेथेच गंजवून टाकते. या पिढीच्या मियाटांचे हे सर्वपरिचित दुखणे आहे. नट सुटतो, पण बोल्ट नळीला धरून बसतो, आणि जोर लावला की संपूर्ण रबर पिळवटते. पाना थोडासा फिरल्यासारखा वाटतो आणि सोडला की रबर आपल्या जागी परत येते. माझा तर्क असा आहे की पहिल्या दुकानातही एखाद्याने पाना लावून पाहिला असेल आणि नाद सोडला असेल. वर्कशॉपच्या मालकाने तेथेच काम थांबवले. गंजनाशक तेल मारून एक दिवस ठेवून पाहतो, सुटला तर उत्तम, न सुटल्यास बोल्ट कापून नवा बोल्ट, नवे कॅम आणि त्या आर्मचे दोन्ही बुश बदलावे लागतील, असे त्याने सांगितले आणि दोन्ही पर्यायांचे खर्च लिहून दिले. आच देऊन बोल्ट सोडवण्याचा मार्ग त्याने नाकारला, कारण आचेने बुशचे रबर जळते आणि मग ते कसेही बदलावेच लागते. बोल्ट सुटला नाही. मी दुसऱ्या पर्यायाला होकार दिला.

भाग यायला काही दिवस गेले. नवे बुश दाबून बसवल्यानंतर त्याने जी गोष्ट केली ती प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने आपल्या मेकॅनिकला आवर्जून विचारावी. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना, म्हणजे चाके खाली लोंबत असताना, बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर उतरल्यावर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. मग ते लवकर फाटते आणि गाडीची त्या बाजूची उंचीही बदलते. म्हणून शेवटचा आवळ गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवरच द्यायचा असतो. अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढवून त्याने नेमके तेच केले.

कोन जुळवताना चालकाच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवून माझ्या वजनाइतका भार दिला होता आणि टाकी अर्धी भरलेली होती. हजार किलोच्या गाडीत चालक एका बाजूला बसतो तेव्हा चाकांचे कोन बदलतात, आणि ही गाडी बहुतेक वेळ एकटा माणूसच चालवतो. पुढे दोन्ही बाजूंना कॅम्बर उणे एक अंश, मागे त्याहून अर्धा अंश जास्त, कास्टर दोन्ही बाजूंना ४.८, आणि पुढे अगदी नाममात्र टो-इन (चाकांची तोंडे किंचित आत), असे रोजच्या रस्त्यासाठीचे आकडे ठरले. रस्त्याच्या उताराची भरपाई म्हणून अमेरिकेत काही कारागीर डावा कास्टर मुद्दाम थोडा कमी ठेवतात. मी ती भरपाई नको म्हटले आणि त्यानेही आग्रह धरला नाही. शंकूसारखा वागणारा टायर मागच्या चाकावर नेला, कारण मागे त्याचा परिणाम स्टीअरिंगपर्यंत फारसा पोचत नाही.

आता गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर हात सोडल्यावर सरळ जाते आणि उतरत्या कडेच्या रस्त्यावर हळूहळू उजवीकडे सरकते, जशी सरकायला हवी. त्याहून जास्त समाधान वळणात मिळाले. पूर्वी डावे वळण घेताना स्टीअरिंग हलके आणि उजवे घेताना जड लागे, आणि मी त्याला या गाडीचा स्वभाव समजत असे. आता दोन्ही वळणांत हाताला सारखाच भार येतो, पुढच्या टायरांची पकड कोठे संपते ते बोटांना आधीच कळते, आणि ही गाडी तिच्या निर्मात्यांनी का बनवली होती ते पुन्हा ध्यानात येते.

तक्रारीच्या जागाही आहेत. वेळ मिळण्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते आणि शनिवारी दुकान बंद असते, त्यामुळे नोकरदार माणसाला रजा काढावी लागते. पहिल्या जुळवणीनंतर सरळ जाताना स्टीअरिंगचे चक्र डोळ्याला जाणवेल इतके डावीकडे झुकलेले होते. ते त्याने पैसे न घेता पुन्हा सरळ करून दिले, मात्र त्यासाठी मला परत जावे लागले. दिलेल्या कागदावर फक्त आकडे असतात, काय शोधले आणि का ठरवले याची लेखी नोंद मिळत नाही. तोंडी समजावणी उत्तम असली तरी पुढचा मेकॅनिक ती ऐकायला हजर नसतो. निदान आणि चारही चाकांचे अलाइनमेंट मिळून साधारण अडीचशे डॉलर झाले, बुश-बोल्टचे काम वेगळे. साखळी दुकानात यांच्या निम्म्याच पैशांत अलाइनमेंट होते. नव्या गाडीचा टायर बदलल्यावर नेहमीची तपासणी हवी असेल तर येथे येण्याचे कारण नाही. गाडी ओढत असेल, टायर एका कडेने खात असेल किंवा एकदा अलाइनमेंट करूनही त्रास तसाच राहिला असेल, तर मात्र येथे दिलेले पैसे वाजवी आहेत.

पुण्या-नाशकाकडे जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडील टायरच्या दुकानांत ‘कॅम्बर करेक्शन’ नावाने जादा पैसे घेऊन हायड्रॉलिक जॅकने सस्पेन्शनचा भाग वाकवून आकडा जुळवण्याची पद्धत आहे. ज्या गाडीत कॅम्बर जुळवण्याची सोयच नाही तेथे हा उपाय निदान समजण्यासारखा आहे, जरी मला तो पसंत नाही. पण डबल विशबोन आणि कॅम असलेल्या गाडीत तो कधीही करू देऊ नये. तेथे आकडा चुकला असेल तर बोल्ट फिरत का नाही, बुश फाटला आहे का, नकल वाकला आहे का, हे विचारावे. आणि यंत्रावर चढवण्याआधी पुढचे टायर डाव्या-उजव्या बाजूंना बदलून एक फेरी मारून पाहण्याची विनंती करावी. जो कारागीर ती विनंती ऐकून घेईल आणि कारण समजून होकार देईल, त्याच्या हाती गाडी द्यायला हरकत नाही.

उजव्या बाजूचे दोन्ही कॅम बोल्ट अजून जुनेच आहेत. ते फिरतात, पण नळीत गंज धरू लागला आहे असे मालकाने सांगितले, म्हणून हिवाळ्याचे मीठ रस्त्यावर पडण्यापूर्वी त्यांच्यासाठी याच वर्कशॉपमध्ये मी वेळ घेतली आहे.